संशय घ्यायला शिकवणारी दुपार: औषधांच्या दुष्परिणामांवरील एका कार्यशाळेचे परीक्षण

दरवर्षी 17 ते 23 सप्टेंबर या काळात राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स सप्ताह, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याविषयीचा सप्ताह, पाळला जातो आणि वैद्यकीय महाविद्यालयांत पोस्टर स्पर्धा, प्रश्नमंजुषा, व्याख्याने यांची रेलचेल असते. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) विभागाने त्याला जोडून एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती. औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया, म्हणजे सगळे जिला एडीआर म्हणतात ती, कशी ओळखावी आणि कशी कळवावी हा तिचा विषय होता. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणि इंटर्न हे मुख्य प्रशिक्षणार्थी होते, तर काही जागा बाहेरचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्यासाठी राखलेल्या होत्या. शुल्क जेवणासह पाचशे रुपये. शहरात जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर म्हणून मी त्यातली एक जागा घेतली. पुढच्या तुकडीला जावे की नाही या विचारात असलेल्यांसाठी आणि विदर्भातल्या इतर महाविद्यालयांत असा उपक्रम आखणाऱ्या शिक्षकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: सकाळचे सत्र सुमार होते, दुपारचे उत्तम होते, आणि शुल्क वसूल झाले ते दुपारीच.

एमबीबीएससाठी 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रतिकूल प्रतिक्रिया ओळखून ती कळवणे हे कौशल्य म्हणून नमूद आहे, म्हणजे विद्यार्थ्याने ते करून दाखवायचे असते. प्रत्यक्षात शिकवले जाते ते मुख्यतः कळवणे, कारण प्रतिक्रिया कळवण्याचा फॉर्म भरून घेता येतो, तपासता येतो आणि त्याला गुण देता येतात. ओळखण्याची परीक्षा घेणे अवघड असते. ही कार्यशाळाही दुपारी दोनपर्यंत याच वाटेने चालली होती.

सकाळचे पहिले व्याख्यान थॅलिडोमाइडपासून सुरू झाले. 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलेले औषध, गर्भवती स्त्रियांना दिलेली गोळी, 1961 च्या अखेरीस माघार आणि तोवर हातापायांच्या व्यंगांसह जन्मलेली हजारो बालके, हा इतिहास खरा आहे आणि आवश्यकही आहे. मात्र तो प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीत आहे, आणि समोर बसलेल्या मुलांनी तो परीक्षेसाठी आधीच लिहून काढलेला आहे. इतक्या लांब जाण्याची गरज नव्हती. 2023 च्या नोव्हेंबरअखेरीस देशभरातल्या अशा नोंदी जिथे गोळा होतात त्या गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडविषयी सूचना प्रसृत केली की, या औषधाने ड्रेस सिंड्रोम ही गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते. मासिक पाळीच्या वेदनांसाठी हे औषध घराघरांत घेतले जाते, वर्गातल्या कित्येक मुलींच्या पर्समध्येही ते असेल, आणि ती सूचना आपल्याच देशात भरल्या गेलेल्या नोंदींच्या छाननीतून निघाली होती. आपल्या फॉर्मचे पुढे काय होते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. व्याख्यानात त्याला शेवटची दोन मिनिटे मिळाली.

ड्रेस सिंड्रोमच्या निमित्ताने कालावधीचा मुद्दाही ठसवता आला असता. ही प्रतिक्रिया साधारणपणे औषध सुरू झाल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते: ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, रक्तातल्या वाढलेल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी आणि यकृतासारख्या अवयवाला इजा. नवशिक्या डॉक्टरच्या मनात मात्र रिॲक्शन म्हटले की इंजेक्शन टोचल्याबरोबर कोसळलेला रुग्ण उभा राहतो. महिन्यापूर्वी सुरू झालेली आणि कदाचित संपूनही गेलेली गोळी त्याच्या संशयाच्या कक्षेतच येत नाही. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्या रुग्णाला काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, कोरडा खोकला सुरू होतो आणि तो खोकल्याच्या बाटल्या पीत राहतो, याचे कारणही हेच असते.

त्यानंतर प्रतिक्रियांचे ए ते एफ प्रकारांतले वर्गीकरण स्लाइडवर झाले. अक्षरे इतकी बारीक होती की तिसऱ्या रांगेतूनही वाचता येईनात. रॉलिन्स आणि थॉम्पसन या संशोधकांनी 1970 च्या दशकात केलेली मूळ विभागणी, म्हणजे औषधाच्या ज्ञात गुणधर्मातून आणि मात्रेतून उद्भवणारा प्रकार ए आणि अनपेक्षित असा प्रकार बी, एवढीच नीट समजावली असती तर खाटेपाशी उभ्या असलेल्या इंटर्नला पुरेशी झाली असती.

मग तयार प्रकरणे वाचून प्रतिक्रिया ओळखण्याचा सराव झाला. त्यात मात्र एक मूलभूत दोष होता आणि तो इतर महाविद्यालयांनी टाळावा असे मला वाटते. कागदावर दिलेल्या प्रत्येक प्रकरणात औषधच दोषी होते. कार्यशाळेचा विषय ठाऊक असल्यामुळे मुले डोळे झाकून औषधाकडे बोट दाखवत होती आणि बरोबर ठरत होती. प्रत्यक्षात पुरळ घेऊन आलेल्या रुग्णाच्या बाबतीत विषाणूजन्य ताप, डेंग्यू, कीटकदंश आणि मे महिन्यात आपल्या नागपुरी उन्हातल्या घामोळ्या असे कितीतरी संशयित एकाच वेळी रांगेत असतात. दहातली तीन-चार प्रकरणे औषधाचा काहीही संबंध नसलेली ठेवली असती तर त्या सरावाला अर्थ आला असता.

सकाळचा एक भाग मात्र मनापासून आवडला. विभागातल्या एका तरुण सहायक प्राध्यापिकेने, डॉक्टर अशा प्रतिक्रिया कळवत का नाहीत, या प्रश्नावर अर्धा तास घेतला. 37 अभ्यासांचा आढावा घेऊन 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात न कळवण्याचे मध्यक प्रमाण 94 टक्के आढळले होते. तो आकडा फळ्यावर लिहून मॅडम थांबल्या आणि त्यांनी कारणे मुलांनाच विचारली. ब्रिटिश वैद्य विल्यम इनमन यांनी 1970 च्या दशकात मांडलेली कारणे, म्हणजे आत्मसंतुष्टता, भीती, अपराधभाव, स्वतःच शोधनिबंध लिहिण्याची महत्त्वाकांक्षा, अज्ञान, संकोच आणि आळस, ही बहुतेक सगळी कोणतीही स्लाइड न दाखवता वर्गातून बाहेर आली. एका इंटर्नने तर स्पष्टच विचारले, "मॅडम, औषध युनिटच्या सरांनी लिहिलंय. फॉर्म मी भरला तर सर काय म्हणतील?" सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न खरा होता आणि उत्तरही खरे मिळाले. फॉर्म पाठवला म्हणजे डॉक्टर, उत्पादक किंवा औषध दोषी असल्याची कबुली दिली असे होत नाही, हे फॉर्मवरच छापलेले आहे. रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. आणि कळवण्यासाठी खात्री लागत नाही, संशय पुरतो. शेवटची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली, ते योग्यच केले.

फॉर्मची ओळख चांगली करून दिली. रुग्णाची आद्याक्षरे आणि प्रतिक्रियेच्या वेळचे वय, प्रतिक्रियेचे वर्णन आणि ती सुरू झाल्याची तारीख, संशयित औषध आणि कळवणाऱ्याची माहिती एवढे असले की नोंद ग्राह्य धरली जाते; बाकीचे रकाने भरता येतील तितके भरावेत. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे किंवा मुक्काम लांबणे, अपंगत्व, जन्मजात व्यंग, यांपैकी काही घडले असेल तर ती प्रतिक्रिया गंभीर ठरते. सोबत घेतलेल्या औषधांच्या रकान्यात रुग्णाने आपल्या मनाने घेतलेल्या गोळ्या आणि जडीबुटीही लिहायची असते. या शेवटच्या सूचनेवर अधिक वेळ द्यायला हवा होता, कारण वैदूचे चूर्ण किंवा गुडघेदुखीची बिननावाची पुडी रुग्ण आपण होऊन कधीच सांगत नाही. मोबाइल ॲपचे प्रात्यक्षिक तळघरातल्या सभागृहात नेटवर्क नसल्यामुळे बारगळले. सभागृह निवडतानाच हे लक्षात यायला हवे होते.

जेवणात वडाभात होता, आणि तो उत्तम होता. त्यानंतर सभागृहात आणखी एखादे व्याख्यान ठेवले असते तर निम्मा वर्ग पेंगला असता. सुदैवाने आयोजकांनी दुपारी सगळ्यांना सभागृहाबाहेर काढले. सहा-सहा जणांचे गट पाडून त्वचारोग, मेडिसिन आणि क्षयरोग विभागांत एकेक शिक्षक सोबत देण्यात आला. मी त्वचारोग ओपीडीच्या गटात होतो.

तेथे काटोलकडचे एक पन्नाशीचे शेतकरी मुलासोबत आले होते. उजव्या हाताच्या पाठीवर रुपयाच्या नाण्याएवढा, काठाशी लालसर आणि मध्ये काळपट-जांभळा डाग होता, आणि तसाच एक लहान डाग ओठाच्या कोपऱ्यावर. गटातल्या विद्यार्थिनीने नेमका पाठ केलेला प्रश्न विचारला, "काका, तुम्हाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" ते म्हणाले, "नाही जी." तिने केसपेपरवर तसे लिहिलेही. सोबतच्या सरांनी तिला थांबवले आणि स्वतः विचारले, "काका, एखादी गोळी गरम पडते का तुम्हाला? एखादं औषध सोसत नाही, असं काही?" त्यावर काकांचा चेहराच बदलला. "हो ना जी! हगवनीची गोयी खाल्ली का याच जागी डाग येते. मांगच्या उन्हाळ्यात बी आला होता, असाच."

एका मिनिटात निदान समोर आले. तेच औषध, तीच जागा, दर वेळी, आणि विरल्यावर मागे उरणारा काळसर रंग: ही फिक्स्ड ड्रग इरप्शनची खूण आहे. सरांनी नंतर मुलांना बाजूला घेऊन सांगितले की आपल्याकडे रुग्ण ॲलर्जी हा शब्द धूळ आणि शिंकांसाठी राखून ठेवतो. औषधाबद्दल तो गरम पडली, मानवली नाही, अंगावर पित्त उठले, चक्कर भरली, असे बोलतो, आणि त्याच शब्दांत विचारल्याशिवाय त्याच्याकडून काही निघत नाही. गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण जिथे येतात त्या शहरात मराठी, हिंदी आणि गावागावांची बोली अशा तीन-चार पद्धतींनी हा एक प्रश्न विचारता यायला हवा. मला वाटते, अख्ख्या दिवसात मुलांच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती.

पुढे गोळीचा शोध सुरू झाला. मुलाने शर्टाच्या खिशातून स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढला. त्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांचे मिश्रण असल्याचे त्यावर वाचता येत होते. मात्र बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेला भाग दुकानातच राहिला होता. फॉर्ममध्ये ब्रँडचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मात्रा आणि सुरू-बंद केल्याच्या तारखा असे सगळे रकाने आहेत आणि मुले त्यासमोर अडली. तेव्हा गटातल्या एका औषधविक्रेत्याने व्यवहारातली गोष्ट सांगितली. दुकानदार मुदतीची तारीख असलेले टोक शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवतात, कारण उरलेल्या गोळ्या त्यांना विकायच्या असतात. ग्राहकाच्या हाती पडतो तो बिनतारखेचा तुकडा. बॅच क्रमांक हवा असेल तर बिल मागावे, कारण बिलावर तो असतो. काकांकडे अर्थातच बिल नव्हते. सरांनी बॅच क्रमांकाच्या जागी माहीत नाही असे लिहायला सांगितले, फॉर्म पूर्ण करून घेतला, आणि या दोन औषधांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी काकांना दिली, जी पुढे कुठल्याही डॉक्टरला आणि दुकानदाराला दाखवायची होती. फॉर्म गाझियाबादला जाईल तेव्हा जाईल. काकांचा पुढचा डाग या चिठ्ठीने टळेल.

त्यानंतरचा वाद मी बराच काळ विसरणार नाही. नारांजो मापन हे प्रतिक्रियेमागे औषधच आहे का हे ठरवण्यासाठीचे, 1981 साली प्रसिद्ध झालेले दहा प्रश्नांचे साधन आहे. नऊ किंवा अधिक गुण मिळाल्यास औषधाचा संबंध निश्चित, पाच ते आठ गुणांना संभाव्य, एक ते चारला शक्य आणि त्याखाली शंकास्पद मानतात. दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे गुण मोजले तेव्हा एकाचे आठ झाले आणि दुसऱ्याचे दहा. फरक एकाच प्रश्नाचा होता: औषध पुन्हा दिल्यावर प्रतिक्रिया परत आली का? पहिल्याचे म्हणणे असे की डॉक्टरने देखरेखीखाली औषध पुन्हा दिलेले नाही, त्यामुळे येथे गुण नाही, आणि पूर्वीच्या अनुभवाचा एक गुण वेगळ्या प्रश्नात आधीच मिळाला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की काकांनी तेच औषध पुन्हा घेतले आणि तोच डाग त्याच जागी आला, मग ते कोणी दिले याला काय महत्त्व? सरांनी निवाडा देण्याची घाई केली नाही. दोघांनाही कारणे लिहायला लावली आणि सांगितले की फॉर्म पाठवणाऱ्याने एवढा हिशेब केलाच पाहिजे असे नाही, कार्यकारणभावाचे मूल्यमापन नोंदी घेणाऱ्या केंद्रावर पुन्हा होतेच; तरीही असा वाद घातल्याशिवाय कोणता प्रश्न रुग्णाला विचारायचा राहिला ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक नोंदी सांभाळणारे उप्साला केंद्र यांच्या कार्यकारणभाव ठरवण्याच्या पद्धतीतही हेच प्रकरण लावून पाहिले असते तर आणखी मजा आली असती, पण वेळ संपला होता.

मेडिसिनच्या गटाने आणलेले प्रकरणही चांगले होते. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्या एका आजींच्या पायांना सूज आली, तिसऱ्याच दवाखान्यात सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली आणि त्यानंतर अशक्तपणासाठी टॉनिक. विद्यार्थ्यांनी आजींच्या पिशवीतले सगळे कागद तारखेप्रमाणे लावले तेव्हा सूज अम्लोडिपिननंतरच आली हे आपोआप दिसले. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरे औषध लिहिले जाते, ही साखळी आम्हा दवाखानेवाल्यांच्या हातून रोज तयार होते. क्षयरोग विभागाच्या गटाला मात्र रुग्ण मिळायला उशीर झाला आणि त्यांचे सत्र घाईत आटोपले. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होणे निरुपद्रवी असते आणि त्याच उपचारातली कावीळ धोक्याची असते, हा भेद रुग्णाला कसा समजावावा, हे तिथे शिकण्यासारखे होते.

काही उणिवा राहिल्या. लसीनंतरच्या घटना लसीकरण यंत्रणेमार्फत कळवायच्या असतात, रक्त आणि वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत, हे कोणीच सांगितले नाही, त्यामुळे एका विद्यार्थ्याने रक्त चढवताना आलेली थंडी याच फॉर्ममध्ये लिहिली. त्याहून मोठी उणीव पुढच्या टप्प्याची आहे. महाविद्यालयातल्या केंद्रातून नोंद गाझियाबादच्या राष्ट्रीय समन्वय केंद्रात जाते आणि तेथून स्वीडनमधल्या उप्साला येथील जागतिक नोंदसाठ्यात, हे मुलांना आकृतीत दाखवले. पण त्यांनी स्वतः भरलेल्या फॉर्मला कोणता नोंद क्रमांक मिळाला हे त्यांना कळणार आहे का, या माझ्या प्रश्नाला "बघू" असे उत्तर मिळाले. फॉर्मच्या कोपऱ्यात केंद्राने लिहायच्या क्रमांकाची चौकट आहेच. तो क्रमांक विद्यार्थ्याला आठवडाभरात कळवला तर दुसरा फॉर्म तो न सांगता भरेल.

आमच्यासारख्या खासगी डॉक्टरांसाठी स्वतंत्र वेळ फारच थोडा होता. बहुतेक गोळ्या आमच्या दवाखान्यांतून आणि कोपऱ्यावरच्या औषध दुकानांतून जातात, त्यामुळे प्रतिक्रियाही आधी आमच्याकडेच येतात. आम्हाला जवळच्या केंद्रात फॉर्म देता येतो, ॲपवरून कळवता येते, किंवा 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते सायंकाळी साडेपाच या वेळेत फोन करता येतो. रुग्णालाही स्वतः कळवता येते आणि त्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. तो कार्यशाळेत वाटला असता तर मी प्रतीक्षाकक्षात लावला असता.

पुढची तुकडी घेण्याचा विभागाचा विचार आहे असे समारोपात सांगण्यात आले. फक्त प्रमाणपत्र हवे असेल त्यांनी पाचशे रुपये वाचवावेत. इंटर्नशिप सुरू होणार असलेल्यांनी जरूर जावे आणि त्वचारोगाचा गट मागून घ्यावा. बाहेरच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातला एखादा संशयास्पद केसपेपर, रुग्णाचे नाव झाकून, सोबत न्यावा. दुपारचे शिक्षक तो आनंदाने पाहतात, मात्र तसे नोंदणीच्या वेळीच सांगून ठेवावे लागते.